गिरणीच्या जमिनीवर कोणाचे घर?

वऱ्हाडचा कापूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेला. म्हणून त्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, हे यवतमाळच्या विद्यार्थ्यानेही विचारायला हवे.

१९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीने त्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेच्या मैदानांना, एक म्हाडाच्या स्वस्त घरांना, एक मालकाला. वाटणी रास्त होती. परंतु २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी म्हणजे तर जिकडेतिकडे शेडच! मग घरांच्या वाट्याला काय येणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला.

घरे मुळीच झाली नाहीत असे नव्हे. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. घर २२५ चौरस फुटांचे, म्हणजे पंधरा फूट लांब, पंधरा फूट रुंद. त्यातच चूल, न्हाणी, संडास. आमच्याकडे वेचणीचा कापूस घरात भरला की माणसे ओसरीवर झोपतात. तिथे ओसरी कुठली? अभ्यासाला कोपरा कुठला? नकाशा काढणारा कितीही कसबी असो, नियमाने काढून घेतलेली जमीन तो परत आणू शकत नाही.

उद्या आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या बंद जिनिंगची जागा विक्रीस निघाली, तर घरांचा वाटा शेडसकट अख्ख्या जमिनीवर मोजावा, आणि नगरपरिषदेने तो व्यवहारापूर्वीच लिहून घ्यावा.