गारपिटीची नोंद गावानेच ठेवावी

२०१४च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा-विदर्भाला झोडपत राहिली. काढणीला आलेला गहू-हरभरा आडवा झाला, द्राक्षांचे घड मातीत गेले. आजही पारावर विषय निघाला की लोक नेमके तपशील सांगतात: गार बोराएवढी होती की लिंबाएवढी, वारा कुठून सुटला, बांधापलीकडचे रान कसे कोरडे राहिले. ही माहिती गप्पांत विरून जाता कामा नये. गारांचा पट्टा अरुंद असतो. महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस मोजते, गार नाही. पंचनाम्याला माणूस पोचेपर्यंत गारा वितळून गेलेल्या असतात. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने वेळ, गट क्रमांक, गारेचा आकार आणि छायाचित्रे यांची नोंदवही ठेवावी. महसूल व कृषी विभागाने ती पुरावा म्हणून स्वीकारावी. गारपिटीबरोबर विजाही पडतात; म्हणून विजेची पूर्वसूचना देणारे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲपही घरोघरी पोचायला हवे. मात्र फोटोसाठी कुणीही उघड्या रानात किंवा झाडाखाली थांबू नये. आधी जीव, मग नोंद.