घाट उतरताना खालचा गिअर

मैत्रिणींनो, पवईहून लोणावळ्याला निघताना डबा, पाणी, उलटीच्या गोळ्या आपण आठवणीने घेतो. पण गाडी जुनी, आपोआप गिअर बदलणारी असेल, तर परतीला खंडाळ्याचा घाट कसा उतरायचा, हेही ठाऊक हवे. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐनवेळी दगा देतो.

हवा तेव्हा खालचा गिअर पडावा म्हणून काहीजण वेगळे बटण बसवून घेतात. हा उद्योग नको गं बाई! भरवेगात खालचा गिअर पडला, तर इंजिनाचे फेरे एकदम वाढतात नि गिअरबॉक्सच कामातून जातो.

सोय बहुधा गाडीतच असते. दांड्यापाशी 'डी'खाली '2' आणि 'एल' दिसतील. उतार लागण्याआधी वेग कमी करून दांडा '2'वर घ्या. उतार फारच तीव्र असेल तर 'एल'वर. 2014 साली सेलेरिओतून आलेल्या एएमटीत यासाठी अधिक-उण्याची खूण असते. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की गाडी आपणच खालचा गिअर घेते. घेत नसेल, तर जुन्या गाडीत केबल सैल झाली असेल. ती आणि गिअरबॉक्सचे तेल मेकॅनिककडून तपासून घ्या.

आणि गाडी 'हे' चालवत असले, तरी दांडा कुठे आहे ते बघायला शेजारी आपण आहोतच की!