उंदीर कसा उचलायचा?

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते : स्मृतिभ्रंशावर नवे औषध, उंदरांवरील प्रयोग यशस्वी. दोन-चार दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एखाद्या वृद्ध रुग्णाचा मुलगा किंवा सून ते कात्रण घेऊन येते आणि विचारते, ‘डॉक्टर, हे आपल्याकडे कधी मिळणार?’ बहुतेक वेळा याचे प्रामाणिक उत्तर ‘बहुधा कधीच नाही’ असे असते. मेंदूच्या आजारांवर उंदरांत गुणकारी ठरलेली बहुसंख्य औषधे माणसांत अपयशी ठरली आहेत. त्याची कारणे अनेक. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे पहिले. पण आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. तो प्रयोग करणाऱ्याचा हात बसलेला होता का? त्याची नजर तयार झालेली होती का?

हा हात आणि ही नजर घडवण्याचे काम उन्हाळी अभ्यासक्रम करतात. मेंदू आणि वर्तन यांचा संबंध अभ्यासण्याची तंत्रे शिकवणारे काही आठवड्यांचे असे वर्ग जगात ठिकठिकाणी भरतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल या समुद्रकाठच्या गावात १८८८ सालापासून सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तेथे मज्जासंस्था आणि वर्तन यावर आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालतो. विद्यार्थी जळू, खेकडा, विद्युतमासा, फळमाशी, उंदीर अशा वेगवेगळ्या प्राण्यांवर आळीपाळीने स्वतः काम करतात. युरोपात सांतियागो रामोन इ काहाल या थोर मेंदूशास्त्रज्ञाच्या नावाने फ्रान्समधील बोर्दो आणि पोर्तुगालमधील लिस्बन येथे साधारण तीन आठवड्यांचे वर्ग होतात. बंगळूरुच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये स्मृतीच्या संगणकीय अभ्यासाची उन्हाळी शाळा भरत आली आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असतो, तीन आठवड्यांत कुठे संशोधक तयार होतो का? पी हळद अन् हो गोरी, असे विज्ञानात चालत नाही. आक्षेप खरा आहे. तरीही या वर्गांचा इतिहास वेगळे काही सांगतो.

१९४५ साली न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे मॅक्स डेलब्रुक यांनी जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर काही आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू केला. १९४८ साली सीमोर बेंझर नावाचा एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्या वर्गाला बसला आणि जीवशास्त्राकडे वळला तो कायमचा. पुढे बेंझर यांनी फळमाशीच्या वर्तनाकडे मोर्चा वळवला. एक जनुक बिघडले तर माशीचे वागणे बदलते का, असा त्यांचा प्रश्न होता. १९७१ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी दिवसरात्रीचे चक्र बिघडलेल्या माशा शोधून काढल्या. त्याच धाग्यावर पुढे काम करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेची झोप का बिघडते, हे समजून घेण्याची वाट त्या माशांपासून निघते.

या गोष्टीची एक शाखा मुंबईपर्यंत येते. १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे त्यांनी बेंझर यांच्याबरोबर काम केले. उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या माशांवरचे ते संशोधन होते. मग कुलाब्यात सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास किंवा चव न कळणाऱ्या माशा शोधल्या. रॉड्रिग्ज यांचा जन्म केनियातला, कुटुंब मूळचे गोव्याचे. वासाची जाणीव मेंदूत कशी उमटते यावरच्या संशोधनात या कामाला मानाचे स्थान आहे.

मात्र या कथेतला एक तपशील विसरता कामा नये. बेंझर केवळ त्या काही आठवड्यांत जीवशास्त्रज्ञ झाले नाहीत. त्यानंतर त्यांनी डेलब्रुक यांच्याच प्रयोगशाळेत सुमारे दोन वर्षे काढली. अभ्यासक्रमाने दार उघडले, आत चालत जायला वेळ आणि जागा लागलीच. अशा वर्गांबद्दल बोलताना या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

मग थोड्या दिवसांत शिकण्यासारखे असते तरी काय? साधी गोष्ट घ्या, पिंजऱ्यातून उंदीर बाहेर कसा काढायचा. शेपटीला धरून उचलायचा, ही सगळीकडची जुनी पद्धत. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवले, की शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त भेदरलेले असतात. ओंजळीत घेतलेले किंवा नळीत शिरू देऊन उचललेले उंदीर माणसाच्या हाताला कमी घाबरतात. आता चिंता मोजण्याची एक प्रचलित चाचणी पाहा. अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून उंच ठेवलेला एक मार्ग असतो. त्याच्या दोन बाजूंना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदीर उघड्या बाजूवर किती वेळ जातो यावरून तो किती चिंताग्रस्त आहे ते ठरते. पण त्याला तिथे ठेवतानाच घाबरवले असेल, तर मोजली जाते ती औषधाची करामत की उचलणाऱ्याची?

स्मृतीच्या चाचणीचेही तसेच. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीत गढूळ पाण्याच्या हौदात पृष्ठभागाखाली एक छोटा ओटा लपवलेला असतो. खोलीतल्या खुणा पाहून प्राण्याने तो शोधायचा आणि लक्षात ठेवायचा. ओटा सापडला नाही की ‘स्मृती कमजोर’ अशी नोंद होते. पण प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या काही जातींच्या उंदरांचे दृष्टिपटल आनुवंशिक दोषामुळे लहानपणीच निकामी झालेले असते. तो उंदीर विसरलेला नसतो, त्याला दिसतच नसते. शोधनिबंध वाचून हे सहज ध्यानात येत नाही. हौदाकाठी अनुभवी माणूस शेजारी उभा असेल, तर तो पहिल्याच दिवशी विचारतो, ‘याला दिसतं का, हे आधी तपासलं का?’

यापुढची पायरी अधिक अस्वस्थ करणारी आहे. १९९९ साली जॉन क्रॅब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पोर्टलंड व ऑल्बनी आणि कॅनडातील एडमंटन अशा तीन शहरांत एकच प्रयोग केला. उंदरांच्या जाती त्याच, वय तेच, उपकरणे तीच, वेळापत्रकही तेच. तरी काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक वेगळे आले. २०१४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गटाने दाखवले, की प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांवर ताण येतो आणि वेदनेच्या खुणा कमी दिसतात. पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी तेच होते. म्हणजे वेदनाशामक किती गुणकारी, याचे उत्तर त्या दिवशी कामावर कोण होते यावरही हलू शकते.

याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. एएलएस या आजारात स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि माणूस हळूहळू लुळा पडतो. या रोगावर काम करणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेने शंभराहून अधिक संभाव्य औषधे उंदरांवर पुन्हा काटेकोरपणे तपासली. त्यांतली अनेक आधीच्या प्रयोगांत उपयोगी ठरली होती, या फेरतपासणीत मात्र एकही टिकले नाही. २०१४ साली संस्थेने हे जाहीर केले, तोवर त्यांपैकी आठ औषधे माणसांवरील चाचण्यांत अपयशी ठरली होती. त्या चाचण्यांत हजारो रुग्णांनी भाग घेतला होता. या रोगात बहुतेकांच्या हाती मोजकी वर्षे असतात. त्यातले महिने ज्या आशेवर गेले, तिचा पायाच कच्चा होता.

म्हणून उन्हाळी अभ्यासक्रमाचे मोल त्यात कोणते महागडे यंत्र दाखवले यावर ठरू नये. प्रकाशाने मेंदूपेशी चालू-बंद करण्याचे तंत्र किंवा चित्रफितीतून प्राण्याची हालचाल संगणकाने टिपण्याची पद्धत शिकायला हवीच. पण संगणकाला काय बघायचे ते माणूसच शिकवतो. उंदीर गप्प बसला आहे तो घाबरून, थकून की निवांतपणे, हे ज्याला कळत नाही त्याचा संगणक त्याचीच चूक अधिक वेगाने करेल.

आपल्याकडे प्रमाणपत्रांचा सुकाळ आहे. दोन दिवसांची कार्यशाळा, चार भाषणे, दुपारचे जेवण, गटाचे छायाचित्र आणि पदोन्नतीच्या अर्जाला जोडायला एक कागद. तंत्रशिक्षणाला हे लागू पडत नाही. पोहण्यावरचे व्याख्यान ऐकून कुणी पोहायला शिकत नाही. अशा वर्गाला जाणाऱ्याने, त्याला पाठवणाऱ्या संस्थेने आणि पैसे देणाऱ्या सरकारने तीन प्रश्न विचारावेत. विद्यार्थी स्वतःच्या हाताने रोज किती तास काम करणार? कोणत्या प्राण्याला औषध दिले हे निरीक्षकाला ठाऊक नसेल अशी मांडणी करून, एखादा छोटा प्रयोग तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेणार का आणि तो फसला तर तेही मोकळेपणाने मांडणार का? आणि परतल्यावर हे काम करायला त्याच्याकडे जागा, मार्गदर्शक आणि वेळ असेल का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोहोंचा खर्च पाण्यात गेला.

यासाठी बोर्दोचे विमान पकडावेच लागते असे नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागांत पदव्युत्तर प्रबंधांसाठी उंदरांच्या वर्तनचाचण्या आजही होतात. बऱ्याचदा विद्यार्थी त्या आधीच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून ऐकून शिकतो आणि त्याच्या चुकाही पुढे चालवतो. प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, ते योग्यच आहे. पण परवानगीचा कागद हात शिकवत नाही. अननुभवी हाताने केलेल्या प्रयोगात प्राण्याचा जीव जातो आणि ज्ञानही मिळत नाही, हा दुहेरी अपव्यय आहे.

सुरुवात फळमाशीपासून करता येईल. तिला मोठे प्राणिगृह लागत नाही, काचेच्या बाटल्या आणि साधे खाद्य पुरते. प्रकाशाकडे जाणे, वास ओळखणे, झोप, शिकणे आणि विसरणे हे सगळे तिच्यात मोजता येते. मुंबईत टाटा संस्था आहे, पुण्यात आयसर आहे. दोन्हीकडे माशीवर काम करणारी मंडळी आहेत. मे महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शासकीय महाविद्यालयांतून दहा-बारा तरुण शिक्षक आणि विद्यार्थी निवडावेत, तीन आठवडे त्यांना तिथे राहू द्यावे आणि परतल्यावर वर्षभर मार्गदर्शनाची सोय ठेवावी. एखाद्या मोठ्या यंत्राच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. यंत्र दहा वर्षांत जुने होते, बसलेला हात पुढच्या पिढीला शिकवतो.

या वर्गांतून दरवर्षी बेंझर निघणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नको. तिथून परतलेल्या विद्यार्थ्याने उत्तम निकाल हाती आल्यावर लगेच पेढे वाटण्याऐवजी आधी विचारावे, ‘उंदराला दिसत होतं ना? त्याला उचललं कसं होतं? आणि हे दुसऱ्या कुणी करून पाहिलं का?’ एवढी सवय लागली तरी तीन आठवडे सार्थकी लागले.