हिब्रू शास्त्रांतील 'बासार' व 'अहवा'

शास्त्राच्या मतें देह म्हणजे पाप आणि प्रीति ही केवळ आत्म्याची वृत्ति, अशी समजूत पुष्कळ विद्यार्थ्यांत व त्यांच्या वडील माणसांतही रूढ झालेली दिसते. तिचा परिणाम चांगला नाहीं. मुलें आपल्या शरीराची लाज बाळगतात, आणि मोठीं माणसें प्रेमाचे चार शब्द बोलून मोकळीं होतात. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेंत ह्या समजुतीस आधार नाहीं, असें आमचें मत आहे.

'बासार' हा शब्द शिजविण्याच्या मांसास लागतो, माणसाच्या देहासही लागतो. आणि 'सर्व बासार' म्हटलें म्हणजे यच्चयावत् प्राणिमात्र. यशया त्यास गवताची उपमा देतो हें खरें. पण दुर्बलता म्हणजे दुष्टता नव्हे. यहेज्केलाच्या ३६ व्या अध्यायांत तर देव लोकांचें पाषाणाचें हृदय काढून त्यांस बासाराचें हृदय देऊं करतो! देहाविषयींचे कठोर उद्गार बहुतेक पौलाच्या पत्रांतले. तेथें शब्द ग्रीक, 'सार्क्स'. आणि त्याचा रोख हाडामांसावर नसून माणसाच्या स्वार्थी ओढीवर आहे.

'अहवा' म्हणजे प्रीति. इसहाकास आवडणारें रुचकर अन्न, एसावावरील त्याची माया, देवाचें इस्राएलावरील प्रेम, ह्या सर्वांस क्रियापद एकच. पवित्र प्रेमास एक शब्द व लौकिकास दुसरा, अशी वाटणी येथें नाहीं. करुणेस 'रहमीम' म्हणतात, आणि तो शब्द गर्भाशयवाचक 'रेहेम' ह्याच्या कुळांतला. मुलास 'पोटचा गोळा' म्हणणाऱ्या आपल्या आयांस हें नातें समजावून सांगावयास नको.

हे दोन्ही शब्द उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायांत जवळजवळ आले आहेत. घर सोडून आलेल्या याकोबास मामा लाबान मिठी मारतो व आपलें हाड, आपलें बासार म्हणतो. याकोबाची राहेलीवर अहवा जडते; तिच्यासाठीं केलेली सात वर्षांची चाकरी त्यास थोड्या दिवसांसारखी वाटते. मग तोच मामा लग्नाच्या रात्रीं लेआ पुढें करून भाच्यास फसवितो, आणि राहेलीपायीं आणखी सात वर्षें राबवून घेतो. बिचारी लेआ! पहिला पुत्र झाल्यावर, आतां तरी नवरा प्रेम करील, अशी आशा ती करते. तेथेंही शब्द अहवाच. बासार जन्मानें मिळतो, अहवा मात्र कष्टानें सिद्ध करावी लागते. वडिलकीच्या किंवा भाऊबंदकीच्या हक्कानें मुलांकडून सर्व कांहीं मागणाऱ्या पालकांनीं हा अध्याय पुन्हां वाचावा. लाबान आमच्या ओळखीच्या अनेक घरांत राहतो.

मुलांस हिब्रू कशाला, असें कोणी विचारील. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत आणलें, आणि १९२२ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं तें काम तडीस नेलें. आमच्या मुलांनीं निदान दहा शब्द शिकण्यास हरकत नसावी. तसें झालें तर लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत शेजाऱ्यासाठीं व परक्यासाठीं प्रीतीचें एकच क्रियापद आहे, हें त्यांस दिसेल. यशयाच्या ५८ व्या अध्यायांतील उपासही निराळा वाटेल. भुकेल्यास भाकर, निराश्रितास घर व उघड्यास वस्त्र द्यावें, असें सांगून संदेष्टा आपल्या बासारापासून तोंड लपवूं नये असें म्हणतो. कोणी त्याचा अर्थ भाऊबंद करतात, कोणी मनुष्यमात्र. शब्दांत दोन्ही मावतात.