वाळवंटातील बाजार आणि दारातील निवडुंग

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या ज्येष्ठांना तेथील दिनक्रमाविषयी विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘सगळे छान आहे हो, पण दिवस जात नाही.’ सकाळी आठनंतर घर रिकामे होते, रस्त्यावर माणूस दिसत नाही आणि कोथिंबिरीची जुडी आणायची झाली तरी मोटारीवाचून गत्यंतर नसते. ज्या हातांनी चाळीस वर्षे मंडईत वांगी पारखली, भेंडीचे शेंडे मोडून पाहिले, त्या हातांना एकाएकी काम उरत नाही. झोप बिघडणे, अन्नावरची वासना उडणे, गुडघे आखडणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या रिकामपणात असते. औषधाची गोळी त्यावर फारशी चालत नाही.

अॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराचे उदाहरण घेऊ. तेथे अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. भारतीय वाणसामानाची दुकाने आहेतच. पण आपण तेथे जाल तेव्हा एकदा तरी मेक्सिकन लोकांच्या बाजारात जावे, असे मी आग्रहाने सुचवीन. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, पेरू, पपई, चिंच ही ओळखीची मंडळी तेथे भेटतात. ‘वेरदोलागास’ अशी पाटी लावलेली मांसल पानांची जुडी हाती घेतलीत, तर ती आपली घोळाची भाजीच असल्याचे ध्यानात येईल. लाल अंबाडीची वाळलेली बोंडे पोत्यांतून विकायला असतात. त्यांचे सरबत करतात. आणि काटे खरवडून काढलेली फड्या निवडुंगाची हिरवी पाने (शास्त्रदृष्ट्या ती खोडे) चक्क भाजी म्हणून मांडलेली असतात. त्यांना ‘नोपाल’ म्हणतात. चव किंचित आंबट, चिकटपणा भेंडीसारखा. बारीक चिरून, कांद्यावर मोठ्या आचेवर परतले की चिकटपणा बराच कमी होतो.

नोपालमधील तंतुमय द्रव्यामुळे जेवणानंतर साखर काहीशी सावकाश चढते, म्हणून मधुमेहींमध्ये त्याचा बोलबाला असतो. भाजी म्हणून ते अवश्य खावे. मात्र त्याच्या भरवशावर गोळ्या कमी करू नयेत. गोळ्यांबरोबर रोज भरपूर खाल्ल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालावे. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी घोळही बेतानेच खावी.

आता घरच्या मंडळींशी दोन शब्द. ‘आई, तुम्ही कशाला दगदग करता? येताना आम्ही घेऊन येऊ,’ हे वाक्य प्रेमाचेच असते. पण त्याने आईंच्या हातची पिशवी काढून घेतली जाते. आठवड्यातून एक सकाळ त्यांना बाजारात न्यावे, पैसे त्यांच्याच हाती द्यावेत आणि आपण चार पावले मागे राहावे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, एवढे एकदा समजले की पुढचा हिशेब त्या आपल्याहून चोख करतील. भाषेची चिंता नको. बोटाने दाखवून खरेदी करण्यात कमीपणा नाही, आणि तिथल्या कित्येक आजीबाईंनाही इंग्रजी येत नसते.

खरी चिंता उन्हाची. फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सियस, किंवा त्याहून अधिक होते. हवा इतकी कोरडी की घाम आल्याचे कळण्यापूर्वीच तो वाळतो. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी कधी घटले हे उमजत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर किती प्यावे हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. उन्हाळ्यात डांबरी रस्ता ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. तेथे तोल जाऊन पडलेल्या माणसाला मुका मार तर लागतोच, वर भाजतेही. म्हणून बाजार सकाळीच उरकावा. सपाता घालून तर मुळीच जाऊ नये.

उरलेल्या दिवसासाठी निवडुंग. आपल्याकडे दारात काटेरी झाड अशुभ मानणारे पुष्कळ आहेत. तेथे मात्र घरोघरी अंगणात तेच उभे असते. सग्वारो नावाचा उंच निवडुंग तर त्या प्रदेशाची खूणच. त्याला पहिला फाटा फुटायला बहुधा पन्नास ते पंच्याहत्तर वर्षे लागतात, आणि जगतो तो दीडशेहून अधिक. (आपल्या वयाचे झाड तेथे अजून पोरसवदा ठरते, हे वाचून कोणास बरे वाटावे!) आपण मात्र लहान कुंड्यांपासून आरंभ करावा. तीन पुरेत. त्या मेजाच्या उंचीवर ठेवाव्यात, म्हणजे वाकावे लागत नाही. मातीत जाड वाळू भरपूर मिसळावी आणि माती पूर्ण वाळल्याखेरीज पाणी घालू नये. मायेपोटी रोज पाणी घातलेले निवडुंग मुळाशी कुजतात. रोप हलवताना वर्तमानपत्राची जाड घडी कमरपट्ट्यासारखी त्याच्याभोवती गुंडाळावी किंवा स्वयंपाकघरातील जुनी सांडशी वापरावी. हातमोजे चामड्याचे हवेत. फड्या निवडुंगाची केसासारखी बारीक कुसळे कापडातून आरपार जातात.

तरी काटा बोचणारच. मोठा काटा चिमट्याने ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने ओढून काढावा. चोया नावाच्या जातीचा आख्खा तुकडा अंगाला चिकटला, तर हात न लावता फणीने झटकून काढतात. बारीक कुसळांसाठी आधी चिमटा वापरावा. मग त्या जागी कागद चिकटवायचा पांढरा डिंक लावून वर विरळ जाळीचे कापड ठेवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि हलकेच सोलून काढावे. डोळ्यात गेलेल्या कुसळास घरी हात लावू नये. मधुमेहामुळे बधिरता आलेल्यांना काटा रुतल्याचे कळतच नाही, म्हणून रात्री झोपण्यापूर्वी हातापायांची पाहणी दुसऱ्या कोणीतरी करावी. सांध्याजवळ रुतलेल्या काट्यानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, सूज आली, किंवा हातावर एकामागून एक गाठी उठू लागल्या, तर डॉक्टरांना काटा लागल्याचे आवर्जून सांगावे. नाही तर निदान चुकते. धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली होती, हे भारतातून निघतानाच पाहून घ्यावे.

मुक्काम संपला की कुंड्या बरोबर आणता येत नाहीत. परवान्याविना रोपे देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. त्या नातवंडांच्या हवाली कराव्यात. हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरते. तेवढे मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लावून यावे, आणि फोनवर कोणत्या कुंडीला कळी धरली ते विचारीत राहावे.