मालवाहतुकीचा भार चालकाच्या कमरेवर
विशेष प्रतिनिधी, परभणी

कापसाच्या गाठी वा सोयाबीनची पोती घेऊन आलेला ट्रक आवारात येऊन थांबतो. चालक दार उघडतो, पण लगेच खाली उतरत नाही. एक हात दाराच्या कडेला, दुसरा कमरेवर, अशा अवस्थेत तो काही क्षण अडखळतो आणि मग एकेक पाय खाली टाकत जमिनीवर उभा राहतो. मानवत, सेलूच्या कापूस बाजारात असो की परभणीच्या मोंढ्यात, हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. 'गाडीवर आहे म्हटल्यावर कमर दुखणारच,' असे चालक स्वतःही म्हणतो आणि मालकही. जे दुखणे सर्वांनी गृहीत धरलेले असते, त्याची नोंद कोठेच होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्यावर उपाय करण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

वास्तविक लांब पल्ल्याच्या चालकाची कंबरदुखी ही दैवाने दिलेली व्याधी नव्हे. ती कशामुळे होते हे वैद्यकशास्त्राला पुष्कळसे ठाऊक आहे आणि ती कशाने आटोक्यात राहते हेही ठाऊक आहे. अडचण एवढीच की, जे उपाय खरोखर उपयोगी पडतात त्यांना औषधापेक्षा वेळ अधिक लागतो. आणि वेळ हीच गोष्ट मालवाहतुकीच्या व्यवहारात चालकाच्या वाट्याला येत नाही.

आसन, हादरे आणि काळी माती

माणसाच्या कमरेतील पाच मणके आणि त्यांच्यामधील चकत्या, ज्यांना बोलीत आपण 'गादी' म्हणतो, त्या शरीराचा बहुतेक भार पेलतात. या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीमुळे होणाऱ्या दाबाच्या चढउतारावरच त्यांचे पोषण अवलंबून असते. पुढे झुकून, पोक काढून बसले की चकतीवरील दाब उभे राहण्यापेक्षा वाढतो. तासन्‌तास एकाच आसनात बसल्यावर पाठीचे स्नायू थकतात आणि सारा भार अस्थिबंधांवर व चकत्यांवर येतो.

त्यात भर पडते ती हादऱ्यांची. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा या गतीच्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि अवजड वाहनाच्या आसनातून येणारी कंपने नेमकी याच्या आसपासची असतात. त्यामुळे आसनाला बसलेला हादरा कमरेपर्यंत पोहोचताना कमी न होता वाढतो. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी अंगभर बसणाऱ्या कंपनांची मर्यादा ठरवून दिली. प्रति वर्ग सेकंद ०.५ मीटरच्या पुढे मालकाने उपाययोजना करावी आणि १.१५ मीटरच्या पुढे काम होऊच नये, असा तो दंडक आहे. जर्मनीने तर १९९३ पासून दीर्घकाळ बसून हादरे सोसल्याने होणाऱ्या कमरेच्या मणक्यांच्या विकाराला व्यवसायजन्य आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. ज्या दुखण्याला आपण नशीब म्हणतो, त्याला तेथे भरपाईचा हक्क मानले जाते.

परभणीच्या चालकाला या हादऱ्यांचा वाटा अधिक मिळतो, त्याला कारण पायाखालची जमीन आहे. हा जिल्हा काळ्या मातीचा. कापसाला उत्तम असलेली ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा पाया न घेता बांधलेला रस्ता वर्षा-दोन वर्षांत लाटांसारखा उंचसखल होतो. खड्डे बुजवले तरी ती लाट जात नाही. पाथरी, मानवत, परभणी असा जिल्हा ओलांडून वसमत, नांदेडकडे जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग असो की गंगाखेड, जिंतूरकडचे रस्ते असोत, चालकाच्या लेखी रस्त्याची प्रत डांबराच्या रंगावरून ठरत नाही, कमरेवरून ठरते. भरल्या ट्रकपेक्षा रिकामा ट्रक अधिक उडतो, हेही त्याला ठाऊक असते. पूर्ण भारासाठी घडवलेले कडक पाटे रिकाम्या गाडीत दबत नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट आसनापर्यंत पोहोचतो. परतीचे भाडे न मिळाल्याचा दंड चालक असा दुहेरी भरतो.

तिसरे कारण गाडी थांबल्यानंतरचे. पाच-सहा तास बसून आलेला चालक उतरताक्षणी ताडपत्रीचे दोर सोडतो, फाळका पाडतो, प्रसंगी पोत्याला हात लावतो. दीर्घकाळ बसल्यानंतर लगेच वाकून वजन उचलणे हा कमरेसाठी अत्यंत धोक्याचा क्षण मानला जातो. 'उसण भरली' असे आपण म्हणतो, ती बहुधा अशाच वेळी भरते.

पट्टा, गोळी आणि 'गॅप'

दुखणे सुरू झाले की चालकाचा प्रवास ठरलेला असतो. आधी ढाब्यावरची मालिश, मग औषध दुकानातून विनाचिठ्ठी घेतलेली गोळी, मग कमरेचा पट्टा आणि अखेरीस तपासणीचा कागद, ज्यावरून त्याला 'मणक्यात गॅप आहे' असे सांगण्यात येते. या साऱ्याची छाननी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे करता येते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या आणि अन्य विशिष्ट आजार नसलेल्या कंबरदुखीसाठी संघटनेने रुग्णशिक्षण, व्यायाम, मालिशसारखे काही शारीरिक उपचार आणि मानसोपचाराची जोड यांची शिफारस केली. कमरेचे पट्टे, वजन लावून ताण देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नित्य वापर मात्र करू नये, असे म्हटले. ढाब्यावरच्या मालिशीला थोडा आधार आहे. दुकानात टांगलेल्या पट्ट्याला नाही.

'गॅप'चेही तसेच. वेदना नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कसलेही दुखणे नसलेल्या वीस वर्षे वयाच्या ३७ टक्के, तर ऐंशी वर्षे वयाच्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज आढळली. म्हणजे चित्रात दिसणारी झीज हीच वेदनेचे कारण असेल असे नाही. पण 'गॅप' हा शब्द कानी पडला की चालक आपला कणा कायमचा मोडला असे समजतो, हालचाल टाळू लागतो आणि त्यामुळेच दुखणे मुरते. काही काळ विश्रांती घेऊन लवकर हालचालीस लागणे, हाच बहुतेक कंबरदुखीवरचा सिद्ध मार्ग आहे.

गोळ्यांचा धोका वेगळा आहे. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ आणि उपाशीपोटी घेतल्यास जठरात व्रण होतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, तापलेल्या केबिनमध्ये शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. स्नायू सैल करणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते, आणि रात्री भरला ट्रक चालवणाऱ्याला आलेली गुंगी ही केवळ त्याची खासगी बाब राहत नाही.

तास कोणाच्या हिशेबात?

सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांत बाराशेहून अधिक ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसाला सरासरी सुमारे बारा तास गाडी चालवतात आणि चारशेहून अधिक किलोमीटर कापतात, असे तीत आढळले. निम्म्याहून अधिक चालकांनी थकवा, निद्रानाश, पाठदुखी, सांधेदुखी अशा तक्रारी सांगितल्या होत्या.

कायदा मात्र निराळेच सांगत होता. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ ने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने ती दहा आणि चोपन्न तासांपर्यंत जाई. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९१ नेही याच मर्यादेचा हवाला दिला. पण १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. दिवसाला आठ तासांचे तत्त्व आणि विहित वर्गातील कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद तिच्यात आहे; मात्र उंबरठा दहा कामगारांचा झाला. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक आधीही बाहेर होता, आता तर तो आणखी दूर ढकलला गेला.

जानेवारी २०२४ च्या प्रारंभी चालकांनी देशभर चाके थांबवली, तेव्हा पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा वाचकांना आठवत असतील. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद हे त्या संपाचे निमित्त होते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. त्या काही दिवसांत चालकाच्या शिक्षेवर भरपूर चर्चा झाली, त्याच्या कामाच्या तासांवर फारशी झाली नाही.

काही पावले पडली आहेत, हे मान्य केले पाहिजे. साडेतीन टनांवरील ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बसविण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांसाठी करण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांवर चालकांसाठी एक हजार आधुनिक विश्रामस्थाने उभारण्याची घोषणा केली. पण वातानुकूलनाने घाम थांबतो, हादरे थांबत नाहीत. आणि विश्रामस्थान कितीही चांगले असले तरी थांबण्याची मुभा नसलेल्या चालकाला ते खिडकीतूनच दिसते. मजुरी फेरीवर मोजली जाते आणि माल उशिरा पोहोचल्यास भाड्यात कपात होते, तोवर दर तासाला थांबणारा चालक हा व्यवहाराच्या दृष्टीने तोट्याचाच चालक ठरतो.

हाती असलेले उपाय

व्यवस्था बदलेपर्यंत चालकाने काय करावे? आसन इतके पुढे घ्यावे की क्लच पूर्ण दाबतानाही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाठ किंचित मागे रेललेली असावी आणि कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवावी. मागच्या खिशातील जाड पाकीट काढून ठेवावे. त्याने बसणे वाकडे होते आणि पायात जाणारी नस दबते. डिझेल, टोल, चहा, जे काही निमित्त असेल तेव्हा खाली उतरून गाडीभोवती दोन फेऱ्या माराव्यात आणि कमरेवर हात ठेवून हलकेच मागे वाकावे. केबिनमधून उडी मारू नये. दांडा धरून, गाडीकडे तोंड करून उतरावे. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालून मगच दोराला हात घालावा. घरी असताना रोज चालणे आणि पोट-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम हा पट्ट्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ आधार आहे. तंबाखू व धूम्रपान सोडणे हेही त्यातच आले; धूम्रपान करणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागात व जननेंद्रियांभोवती बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, तसेच ताप, विनाकारण वजन घटणे किंवा अपघातानंतरची तीव्र वेदना यांपैकी काहीही दिसल्यास फेरी पूर्ण होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मालकाच्या हातीही पुष्कळ आहे. झिजलेले शॉक अब्सॉर्बर बदलणे, चाकांतील हवा योग्य ठेवणे आणि जुन्या गाडीत स्प्रिंगवर तरंगणारे आसन बसवणे हा खर्च एका अपघाताच्या तुलनेत नगण्य आहे. भरणी-उतरणी हमालांकडूनच करून घेणे आणि पोहोचण्याची वेळ ठरवताना विश्रांतीचे तास धरणे, हे व्यापारी व वाहतूकदार एकत्र बसले तर अशक्य नाही.

शासनाला तर नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. अवजड वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयात येतो. त्यासाठीच्या वैद्यकीय दाखल्यात दृष्टी, श्रवण आणि अवयवांची कार्यक्षमता पाहिली जाते. त्यातच पाठीच्या दुखण्याचे चार प्रश्न जोडले आणि परवान्याला धोका न लावता चालकाला उपचाराकडे पाठवले, तर निदान नोंद सुरू होईल. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ज्या जिल्ह्यात चालक हा आपला शेजारी आहे, तेथे त्याच्या कण्याचा अभ्यास करण्यास त्याहून योग्य संस्था कोणती? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा भर प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंत थांबण्याऐवजी ती टाळणाऱ्या व्यायामोपचाराला पैसा मिळाला, तर तो शासनालाही स्वस्तच पडेल.

कंबरदुखी ही एकट्या परभणीची समस्या नाही. जगभरात २०२० मध्ये सुमारे ६१.९ कोटी लोकांना ती होती आणि माणसाला अपंगत्वासह जगायला लावणाऱ्या कारणांत ती अग्रस्थानी आहे. पण येथील शेतमाल बाजारापर्यंत आणि बाजारातून गिरणीपर्यंत नेणारा माणूस ऐन चाळिशीत स्टेअरिंग सोडून घरी बसतो, तेव्हा त्याच्या घरातला मिळवता हात जातो. भाड्याच्या हिशेबात डिझेल असते, टोल असतो, टायरची झीजही असते. चालकाच्या मणक्याची झीज त्या हिशेबात धरली जात नाही, म्हणूनच ती त्याला एकट्याला भरावी लागते.