वळूची निवड

काळवीट शिंगें भिडवितात. हरलेल्यास माद्या क्वचितच मिळतात. मोर पिसारा फुलवितो, पसंती लांडोर करते. नराचा डौल अशा निवडीनेंच वाढला, असें डार्विननें १८७१ सालीं मांडलें. कृत्रिम रेतनानें गाईची पसंती संपून ती धन्याकडे आली. आणि धनी तर वळू कोणता हें विचारीतही नाहीं! एका वळूच्या गोठविलेल्या रेतापासून हजारों वासरें होतात. त्याचा दोषही तितक्याच गोठ्यांत शिरतो. शिवाय वशिंड डोळ्यांना दिसतें, दुधाचा गुण मात्र त्याच्या लेकींतच कळतो. रेताच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. सातबारा जिवापाड जपणाऱ्या वडगाव निंबाळकरच्या बागाइतदारांनीं तो वहींत टिपावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. नाहींतर कालवडीस तिच्याच बापाचें रेत भरलें जाईल, आणि वासरूं अशक्त निपजल्यावर आपण चाऱ्यास बोल लावीत बसूं.